तणसाचं रेडकू

धंतोलीत डॉक्टर वैरागडे
रिपोर्टवर पेन टेकवतात:
हाडं विरळ झालीत, वत्सलाबाई.
रोज पेलाभर दूध घेत जा.
मला हसू येतं.
तेलंखेडीच्या गवळ्याच्या पोरीला
दूध लिहून देतात, चिठ्ठीवर.

बाहेर बाकावर नात बसलेली, निहिरा,
गुरांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.
तिनं गेल्या दिवाळीपासून दूध सोडलंय, तूपसुद्धा.
तीळ खा आजी, म्हणते, नाचणी खा, शेवग्याचा पाला.
दूध काही तुझं नाही. रेडकाचं आहे.
तिला हे पुस्तकात भेटलं.
मला कुठं भेटलं, ते मी रिक्षात बसेपर्यंत बोलत नाही.

अकरा वर्षांची होते. चंदरी व्याली.
"हेला," एवढंच म्हणाली आई
आणि कंदील खाली ठेवला.
हेल्याला दोन घोट, मग दावं.
बाकीचं गोकुळपेठेत, घरोघर, मापानं.
माझी फी त्यातली. माझे दातही त्यातलेच,
अजून शाबूत आहेत, खोटं का बोलू.
बाराव्या दिवशी तो उठला नाही.
कुणी मारलं नाही गं त्याला, मी नातीला सांगते,
आणि सांगताना माझा आवाज
रिक्षाच्या आवाजाखाली जातो.

मग चंदरीनं पान्हा चोरला.
तीन दिवस धार नाही,
दारात गडवे घेऊन गिऱ्हाइकं.
बाबांनी कातडं वाळवून आणलं,
आईनं दाभणानं शिवलं,
तणस कोंबायचं काम माझं, हात लहान म्हणून.
पायांत काटक्या. डोळ्यांच्या जागी काही नाही.
वरून मीठ.
"चोळ वो पोरी, पाठीवर जास्त लाव."
मी चोळलं.
वत्सला म्हणजे वासरावर माया करणारी,
हे शाळेत गुरुजींनी सांगितलं, त्याच वर्षी.

चंदरीनं हुंगलं.
मग चाटायला लागली: कान, पाठ, शिवण.
शिवणीतून तणस बाहेर आलं
तेही चावलं तिनं थोडं, सवयीनं,
आणि खाली सडं भरून आली.
बाबा गंज घेऊन बसले.
"म्हशीले काय समजते," सगळे हसले.
मी नाही हसले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
खाल्ल्या मिठाला जागली ती.
दुधाला जागतं का कुणी?

असो.
निहिराचं खोक्यातलं बदामाचं दूध पिऊन पाहिलं,
ओल्या भिंतीची चव.
तिनंही तोंड वाकडं केलं, मग दोघी हसलो.
तीळ भाजते आता, जवसाबरोबर कुटते.
भात-वरणावर तूप नाही, हे जमतं.
गोळाकढी जमत नाही.
चिंचेच्या कोळावर करून पाहिली,
गोळे फुगले, कढी रुसली.

वाठोड्याला भाचा आहे, देवराज, चौदा म्हशींचा.
"एक सड रेडकाचं सोडतो मी, मावशी.
डोळे मिटून घ्या आपल्याकडचं."
हेल्यालाही सोडतोस? विचारलं मी.
तो ढेपीचे भाव सांगू लागला,
कुटाराचे, मग डॉक्टरचे.
खोटं नव्हतं त्यातलं काही.
निघताना लिटरभर दिलं, पैसे घेतले नाहीत.

रात्री नात दारात उभी: मग काय ठरवलं, आजी?
पेला ओट्यावर आहे. साय धरलीय.
खुबा दुखतोय.
मी तिला सगळं सांगितलं, एवढं सोडून
की त्या दिवशी, मीठ चोळून झाल्यावर,
चंदरीनं माझा हातही चाटला होता,
कोपरापर्यंत, सावकाश,
बोटांच्या मधलंही काही न सोडता.