ठिणगी किती वेळा उसळते

पोतीच्या बंदरात रात्री अकरानंतर
क्रेनचे दिवेसुद्धा पेंगायला लागतात,
तेव्हा माझा लॅपटॉप घरघरू लागतो.
त्याच्या पोटाखाली दोन विटा लावल्यात,
शेजारी टेबलफॅन.
तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं
तशी बसते मी.

चोवीस चित्रं म्हणजे एक सेकंद.
आईनं विचारलं, "आणि तो एक सेकंद करायला तुला किती वेळ लागतो?"
म्हटलं, नऊ तास. वीज गेली नाही तर.
तिनं मक्याची मचादी मोडली, मोठा तुकडा मला दिला,
पुढं काही बोलली नाही.

वीज गेली.
एकशे सत्त्याऐंशीव्या चित्रावर.
धूर जहाजाच्या कठड्याशी अर्धवट टेकून राहिला
आणि जिन्यातून त्सियालाबाई ओरडल्या,
"पुन्हा तुझंच ते यंत्र ना गं, तेओना?"

समुद्र जमतो आता. थोडासा.
लाट उचलता येते, फेस फोडता येतो,
किनाऱ्याशी आल्यावर मात्र ती अवघडते,
परत कसं फिरायचं ते तिला कळत नाही.
धुकं बरं जमतं,
पालिआस्तोमी तळ्यावरचं,
जिथं बेडूक आधी ऐकू येतात, पाणी मागाहून दिसतं.
निलगिरीचं पान खाली येईतो किती गिरक्या घेतं
हे मी शाळेच्या कुंपणावर बसून मोजलंय,
मुलींनी खुळी म्हटलंय.
म्हणोत.
जे जे हलतं त्याच्यावर माझा जीव आहे:
दोरीवरचा ओला शर्ट,
चर्चमध्ये मेणबत्ती विझली की निघते ती धुराची रेघ,
आधी सरळ,
मग मध्येच मन बदलल्यासारखी.

तिबिलिसीच्या स्टुडिओनं नमुना मागितला:
दहा सेकंद, ठिणग्या, सोमवारपर्यंत.
मी चाळीस हजार कण उधळले.
प्रत्येकाला वजन दिलं, वय दिलं, मरण दिलं.
बाबा दुहेरी पाळी करून आले,
जळक्या लोखंडाचा वास घेऊन माझ्यामागं उभे राहिले.
चार वर्षांत पहिल्यांदा पडद्याकडं पाहिलं त्यांनी.
"खोट्या आहेत," म्हणाले.

मी काही बोलणार, तोवर खुर्ची ओढून बसले.
"ठिणगी पडली की संपत नाही, बाळ.
पत्र्यावर पडली तर उसळते. दोनदा.
एखादी हट्टी असली तर तिसऱ्यांदा.
आणि फुटते. फुटली की लहान होते, पण वेग धरते.
तुझ्या सगळ्या शहाण्यासारख्या खाली बसतात."
मग बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे बारीक ठिपके,
एकतीस वर्षांचे.
"ह्या सरळ आलेल्या," बोटानं दाखवलं,
"आणि ह्या, बघ, हातमोज्याच्या आत शिरलेल्या, ह्या उसळून आल्या."

मी त्यांचा हात दिव्याखाली धरला.
लहानपणी ह्याच हाताला लटकले होते,
पण तो असा वाचला नव्हता कधी.

उसळी वाढवली. फूट वाढवली.
रंग पांढऱ्यावरून पिवळा,
"आता लाल, नाही, एवढ्यात नाही, थांब जरा,"
पहाटे तीनपर्यंत जुंबेर वेल्डर
मला आग शिकवत होते,
आणि लॅपटॉप विटांवर धापा टाकत होता.

सोमवारी पाठवलं. उत्तर अजून नाही.
त्सियालाबाई विजेच्या बिलाचं विचारतात,
आई अधूनमधून विचारते, मुकाट्यानं, नुसत्या डोळ्यांनी.

काल बाबांनी जेवायच्या आधीच फोन पुढं केला.
अंगठा अर्ध्या चित्रावर आलेला, सगळं हलत होतं,
कुणीतरी मागं शिव्या देत होतं.
ग्राइंडरखाली कुठल्याशा जुन्या बोटीचा दांडा,
आणि त्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या
फुटत जाणाऱ्या ठिणग्या.
"हे कडक पोलाद," ते म्हणाले, "ह्याचं वेगळं असतं."
हात न धुताच उभे होते.
"ही जमेल का तुला?"