काहीही करू नकोस

अंगावरचा सगळा धातू ट्रेमध्ये ठेव, म्हटलं.
नऊ वर्षांच्या एलिकुरानं खिसे उलटे केले:
गळाची तीन शिशाची वजनं, एक शिट्टी,
बाटलीचं वाकडं बूच,
आणि चमचा.
चमचा कशाला रे?
"लागतो," म्हणाला.

वाल्दिव्हियात सकाळी नदी दिसत नाही.
मासळीबाजाराच्या धक्क्यावरून
समुद्रसिंहांचा ओरडा तेवढा
धुक्यातून चौथ्या मजल्यापर्यंत चढतो.
त्याची आई तिथेच मासे साफ करते, एदेल्मिरा.
अंगाला वास येतो म्हणून ती
खुर्चीच्या अगदी कडेला बसली,
संमतीचा कागद हात न लावता वाचत.

मी यंत्र चालवते. आकडे डॉक्टर ब्रिसेन्यो बघतात.
डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, कानात बोळे,
आरशात एक अधिकचं चिन्ह.
आठ मिनिटं त्याच्याकडे बघायचं, झोपायचं नाही
आणि काहीही करायचं नाही.
"काहीही म्हणजे?"
काहीही.
जगातलं सगळ्यात अवघड काम
मी मुलांना असं येताजाता सांगते.

दोनदा हलला. तिसऱ्यांदा जमलं.
बाहेर आला तो बोलतच:
आत सुतारपक्षी होता, मग दोन झाले,
मग त्यांनी बोटीला भोक पाडलं,
बोटीत मामा होता, मामाला पोहता येत नाही,
मग मी...
चित्रातही तेच.
शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी अखंड बोलणं,
ज्याला मीठ हवं त्यानं बाजूचं दार वाजवावं,
लांबच्या गावाला मात्र
जेमतेम एक पायवाट.

बाराव्या वर्षी दातांना तार होती.
तारेनं चित्राला भोक पडतं, म्हणून परत पाठवला.
तक्त्यात त्या वर्षाची चौकट कोरी आहे.
जे काय झालं
ते बहुतेक त्या चौकटीत झालं.

पंधराव्या वर्षी पाय फळीच्या बाहेर.
ट्रेमध्ये एकच किल्ली.
एदेल्मिरानं ती निरखून पाहिली.
तिच्या घराची नव्हती.

आठ मिनिटं. एकदाही हलला नाही.
काय विचार करत होतास?
"काही नाही."

काही नाही!
पडद्यावर कपाळ आणि पार मागची बाजू
एकमेकांशी बोलत होती,
जुन्या ओळखीच्या माणसांसारखी, हलक्या आवाजात.
शेजारच्या गप्पा कितीतरी आटलेल्या.
आपल्याकडे ज्याला मनातल्या मनात म्हणतात
ते मला एवढंच दिसतं:
कुठून कुठे चाललंय.
काय चाललंय, ते नाही.

"वयाला धरून आहे," डॉक्टर म्हणाले आणि गेले.
एदेल्मिरा थांबली.
"आधीपेक्षा काही कमी आहे का?"
मी सांगितलं, ज्या वाटेनं कुणी जात नाही
ती मोडते. जी वापरात राहते ती रुंद होते.
व्हायलाच हवं.
ती मान हलवत राहिली.
"माशाचं पोट साफ करावंच लागतं,
पण आमच्याकडची घाण समुद्रसिंह खातात.
इथलं कुठं जातं?"
डोक्यातही असतात, म्हटलं,
टाकलेलं खाऊन टाकणाऱ्या पेशी.
हे तिला पटलं. पहिल्यांदाच
ती खुर्चीला टेकून बसली.

तो बूट घालत होता. किल्ली आधीच खिशात.
मी खणातून चमचा काढला,
सहा वर्षांपूर्वी ट्रेमध्ये राहिलेला.
त्यानं उलटसुलट करून बघितला, सभ्यपणे,
दुसऱ्याची वस्तू बघतात तसा.
"माझा नाही."

लिफ्टचं दार लागलं.
समुद्रसिंह ओरडत होते.
चमचा मी परत खणात ठेवला.
लागतो.