बत्तीसशे

हाकोदातेच्या धक्क्यावर पहाटे तीनला
माकूळ उतरवत होते.
कॅमेऱ्यात बत्तीसशेची फिल्म, बोटं बधिर,
श्वास रोखून धरलेला
सेकंदाचा पंधरावा हिस्सा.

गेन्किची म्हणाला, माझा नको काढूस,
आणि उजेडाबाहेर सरकला.

घरी न्हाणीच्या दाराखाली टॉवेल कोंबला.
अंधारात चाचपडत रीळ भरलं.
दर मिनिटाला डबा उलटा, सुलटा.
शेजारच्या ओकिता बाई भिंत ठोकतात:
एवढ्या रात्री कसला नळ?

ओली पट्टी दोरीवर.
होडीवरचे दिवे सगळे काळेठिक्कर.
रात्र मात्र उतरलीच नाही,
नुसती नितळ,
तिच्यातून पलीकडची फरशी दिसते.

त्या नितळात, कडेला,
मोहरीएवढा काळा ठिपका.
त्याची सिगारेट.

नको म्हणाला होता.
छापताना तेवढाच कागद
पांढरा राहील.