स्क्रू

फुजैरातल्या बालवर्गाच्या दाराशी
सव्वासातला मी गुडघ्यांवर बसते.
दारावरच्या तक्त्यात चार चित्रं:
पंजा, कोपर, बदाम, बेडूक.
ज्यावर बोट, तसं स्वागत.

कैवल्यला रोज बेडूकच लागतो.
दोघं मिळून डराँव,
वर माझा उजवा गुडघा कटकन.
हुमैदला चित्रं नकोतच,
तो थेट नाकाला नाक लावतो
आजोबांसारखा, गंभीर,
मग खुदकन. शेंबडासकट.
जोआनाचा पंजा असा बसतो
की डबा खाईपर्यंत तळहातावर जोआना.

शम्मा मात्र थांबते.
पाण्याची बाटली छातीशी धरून
चारही चित्रं नीट बघते
आणि भिंतीला घासत आत जाते.
सोमवार तसाच, मंगळवार तसाच.
मी म्हणते, "सावकाश गं,"
मराठीतच. निघून जातं तोंडातून.

आज तिचं बोट उठलं.
पंजा सोडून, बदाम सोडून,
बेडकाच्याही पलीकडे गेलं
आणि तक्त्याच्या कोपऱ्यातल्या,
खाऱ्या हवेनं गंजलेल्या
स्क्रूवर टेकलं.

आता स्क्रूचं स्वागत कसं करतात?
बी.एड.ला हा धडा नव्हता.
रांग खोळंबलेली.
मी उठले, ओढणी खोचली,
एका पायावर गर्रकन फिरले:
"आवळला!"

ती बघत राहिली.
मग बाटलीसकट
हळूच
उलटी फिरली.

म्हणजे केला की सैल!
मदतनीस मारिसेल हसून हसून भिंतीला टेकली.
आई म्हणायचीच, हिचा एक स्क्रू ढिलाय.

शम्मा आत गेली, दप्तर अडकवलं.
मी पुन्हा खाली बसते, तर समोर
मघाशीच आत गेलेला कैवल्य,
बोट स्क्रूवर.