वाक्यं जोडा, गुण चार

नववी ब. चाचणी दुसरी. प्रश्न तिसरा.
ही इज पुअर. ही इज ऑनेस्ट.
मधे पूर्णविराम, बांधावरच्या दगडाएवढा.
कंसातला शब्द घ्या आणि जोडा.
कंसात होतं: बट.

बावीस वर्षं हाच दगड उचलतोय मी.
अडावदला पत्रे तापले की फळ्यावर लिहितो,
अँड म्हणजे आणि, बिकॉज म्हणजे कारण,
सो म्हणजे म्हणून.
अनलेस आला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर जातो,
जिथं ट्रकमध्ये केळीचे घड चढत असतात.
दो आणि ऑलदो यांतला फरक
कुणी विचारू नये असं मलाही वाटतं.

जागृती धुडकू कोळी, हजेरी क्रमांक सतरा.
वहीच्या कडेला केळीच्या चिकाचे डाग,
धुतले की आणखी काळे होणारे.
तिनं लिहिलं: ही इज पुअर अँड ही इज ऑनेस्ट.
मी फुली मारली.
लाल पेनाला विचार करावा लागत नाही.

मधल्या सुट्टीत ती टेबलाशी आली.
वर्गात पुस्तकासारखं बोलते,
पण भांडायचं असलं की घरची बोली
चप्पल न घालताच धावत येते:
"सर, मना बाप गरीब शे. मना बाप इमानदार शे.
मझार हाऊ पन कथाईन उना?"

अगं, मी म्हणालो, तिथं विरोध दाखवायचा असतो.

"कोना इरोध, सर?"

घंटा झाली. वाचलो.

धुडकूला मी ओळखतो. कापणीच्या टोळीत घड वाहतो,
मानेवर चुंबळीचा घट्टा.
मागच्या महिन्यात हिशेब करताना
व्यापाऱ्याच्या माणसानं नऊ नोटा जास्त मोजल्या.
हा धानोऱ्याच्या फाट्यावरून सायकल वळवून परत.
चहाच्या टपरीवर कौतुक झालं,
"गरीब आहे, पण इमानदार!"
म्हणणारा आमच्याच शाळेतला. माझाच विद्यार्थी.
तेव्हा चहा गोड लागला होता मला.

त्या रात्री पुस्तक उलटंपालटं केलं.
श्रीमंताचं वाक्य शोधत होतो. सापडलं, पान एकसष्ट:
ही इज रिच बट ही इज नॉट हॅपी.
म्हणजे त्याच्याही वाट्याला बट आहे,
फक्त तो पाठीवरून हात फिरवणारा.

गठ्ठ्यातले तेवीस पेपर उरले होते.
बायको म्हणाली, दिवा बंद करा आता.
मला माझं नाव आठवत होतं.
आधीची दोन गेली म्हणून
मायनं मला सुपात घालून अंगणभर ओढलं,
मरणाला वाटावं, हा केरच आहे.
सुपडू.
जळगावच्या प्रशिक्षणात एक मॅडम म्हणाल्या,
"नाव असं आहे, पण इंग्रजी छान हो तुमचं."
मी थँक्यू म्हणालो होतो.
नीट, उच्चारासकट.

फुली खोडता येत नाही, लालवर लालच चढतं.
शेजारी चार गुण दिले. सही केली.
मुख्याध्यापकांनी विचारलं तर काय सांगायचं,
ते ठरवलं नाही.

सकाळी तिला व्हरांड्यात गाठलं.
हे बघ, म्हणालो, तुझं उत्तर चुकलेलं नव्हतं.
पण बोर्डाच्या पेपरात बटच लिही.
तिथं तपासायला मी नसेन.
माझ्या वाक्यात तो शब्द येऊन गेला,
हे तिच्या आधी मला कळलं, की माझ्या आधी तिला,
सांगता येत नाही.

पेनाचं टोपण चावत ती उभी राहिली.
कुंपणापलीकडे भरलेला ट्रक,
त्यावर उभा राहून कुणी दोर आवळत होतं.
धुडकू असेल, नसेलही.

"लिखसू, सर," ती म्हणाली. "पन..."

ट्रक सुरू झाला.
पुढचं मला ऐकू आलं नाही.