एकशे सतरा

डिसेंबर. डंडीत तीनलाच दिवे लागतात.
नर्सिंगच्या मुलांचे फॉर्म संगणकात भरतेय मी;
नावं नाहीत, नुसते क्रमांक.
गेल्या पंधरवड्यात किती वेळा उदास वाटलं?
कधीच नाही. काही दिवस. जवळजवळ रोज.

एकशे सतराने कुठेच खूण केली नाही.
समासात पेन्सिलीने:
‘सहा नंबरच्या आजोबांचे डोळे मी मिटले,
पहाटे साडेचारला.
मग कँटीनमध्ये टोस्ट खाल्ला.
छान लागला.
हे कुठल्या रकान्यात लिहू?’

अपूर्ण फॉर्म बाद, मोराग म्हणाली,
आणि तिचं चूक नाही.

बाद केला.
पण टे नदीवरचा पूल अंधारात विरेपर्यंत
तो कागद हातातच राहिला,
आणि मला भूक लागत गेली,
लाज वाटावी इतकी.