पालथा घडा

गुडघ्यांच्या गाद्या सोडता सोडता बेल्मिरो म्हणाला,
पोर्सेलिन आहे बाई, हिला काही लावायचं नाही.
झेफेरिनोनं डबा आधीच आणून ठेवलेला,
एव्होराहून, चोवीस युरोंचा,
खिडकीत, तमालपत्राच्या जुडीशेजारी.

लावायचं नाही म्हणजे?
मातीची होती तेव्हा दर ऑक्टोबरात
जवसाचं तेल, मग मेण, मग तीन दिवस
मागल्या दारानं यायचं, पायात मोजे घालून.
चाळीस वर्षं.
ती फरशी सगळं प्यायची.
वाइन, डुकराची चरबी, झितोच्या नाकातलं रक्त,
आणि एकदा चुलीपाशी
आयोडीनची अख्खी बाटली.
त्या डागावर उभी राहून मी कांदे चिरायचे.
पायांना जागा कळायची.

नवीही मातीसारखीच दिसते.
दिसते.
पण दर आठव्या फरशीवर
तीच भेग, तोच काळसर ठिपका.
काल मी मोजले. एकवीस वेळा.
आमच्या घरात काही सांडायच्या आधीच
कारखान्यात सांडून, छापून आलेलं.

बेल्मिरोनं मधोमध पाण्याचा एक थेंब टाकला.
आम्ही तिघं वाकून बसलो,
बिळातून काही बाहेर येणार असल्यासारखे.
थेंब तसाच. फुगलेला.
दहा मिनिटांनी त्यानं बोटानं पुसला. खाली कोरडं.
बघितलंत? पालथ्या घड्यावर पाणी.
सीलर लावाल तर आत जाणार नाही,
वर बसेल, चिकट, धुरकट,
आणि दोन महिन्यांनी शिव्या मला.

झेफेरिनो काही बोलला नाही.
त्याची हयात बुचांत गेली.
जूनमध्ये कुऱ्हाड घेऊन ओकची साल सोलायची,
खोडावर पांढऱ्या रंगात सालाचा शेवटचा आकडा घालायचा,
की पुढं नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही.
हिवाळाभर कारखान्यात, बुचं निवडत.
बंद करायला काही नाही असं
या माणसाला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.
बेल्मिरो गेल्यावर त्यानं डबा कानाशी धरून हलवला.

रात्री जेवताना म्हणाला, मग सांध्यांचं काय?
आणि मुद्दाम, मी बघितलं, मुद्दाम,
कोपरानं पेला कलंडवला.
फरशीवरून वाइन घसरत गेली,
दोन फरश्यांमधल्या करड्या रेषेला लागली
आणि रेषेनं ती ओढून घेतली.
बघता बघता वीतभर जांभळी.
मी फडक्यासाठी धावले. तो हसत होता.
पितं की इथं कोणीतरी, म्हणाला.

बेल्मिरोला फोन केला.
हो हो, सांधे सिमेंटचेच, त्यांना लावा,
मी सांगणारच होतो.
(कसला सांगणार होता.)
आठवडाभर वाळू द्या फक्त.

शनिवारी झेफेरिनो गुडघ्यांखाली बुचाचा तुकडा घेऊन बसला.
हातात आकडे घालायचा तसलाच बारका ब्रश.
एकेक सांधा, जीभ दातांत धरून.
फरशीवर जे ओघळेल ते पुसत मी मागून सरकत होते.
दाराकडून चुलीकडे जायला चार तास लागले,
मधे एकदा भांडण, एकदा सूप.

जांभळ्या रेषेपाशी त्याचा ब्रश थांबला.
आधी घासून काढू या का?
आता लावलं तर हा आतच राहील.
मी उभी होते ती जागा बघितली.
चुलीपासून दीड पाऊल, कांदे चिरायची.
म्हटलं, लाव.

डब्याचं झाकण कुठं गेलं ते सापडेना.
त्यानं खिशातून बूच काढलं, दोन्ही बाजूंनी चाकूनं तासलं,
अंगठ्यानं दाबून बसवलं. घट्ट.
आता नऊ वर्षं बघायला नको, म्हणाला.

मी मनात हिशेब केला.
तेव्हा हा एक्क्याऐंशीचा.
म्हटलं, डब्यावर आकडा घालून ठेव.